रत्नागिरीतील वाहतुकीच्या नोकऱ्या आणि त्यांची पात्रता

रत्नागिरी जिल्ह्यात वाहतुकीचा रोजगार प्रामुख्याने तीन ठिकाणी मिळतो: एसटीची आगारे आणि महामार्गावरचे ट्रक-टँकर, कोकण रेल्वे, आणि समुद्र. एके काळी याच कामांसाठी इथला तरुण मुंबई गाठत असे. कोणी बेस्टमध्ये लागे, कोणी गोदीत, कोणी बोटीवर चढे. आता यातले बरेच काम जिल्ह्याच्या आतच आहे. तरीही ते हुकते. शिक्षक आणि व्यवसाय-मार्गदर्शकांसाठी त्याचे कारण स्पष्ट मांडणे भाग आहे. उमेदवार अडतो तो हुशारीत नव्हे, तर वय, डोळे आणि दाखले यांच्या अटींत. आणि त्या अटी त्याला कळतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

रस्त्यापासून सुरुवात करता येते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात, आणि त्याचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हाती असावा लागतो. त्यामुळे अठरा ते वीस ही दोन वर्षे ज्याने वाया घालवली, त्याची पुढची प्रत्येक पायरी लांबते. प्रवासी वाहतुकीसाठी बिल्ला लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणी होते. एसटीच्या भरतीत दहावी उत्तीर्ण, जड वाहनाचा परवाना, बिल्ला आणि अनुभव हे सारे एकत्र पाहिले जाते. ‘चालक तथा वाहक’ या पदासाठी वाहकाचा बिल्लाही लागतो.

एवढे जमले तरी कामाचे खरे स्वरूप कागदावर दिसत नाही. कुंभार्ली, आंबा आणि परशुराम घाटांत भर पावसात गाडी उतरवताना योग्य गिअर धरणे, ब्रेक तापू न देणे, समोरच्या गाडीचा अंदाज घेणे हे रोजचे काम आहे. वस्तीच्या गाडीवर चालक आणि वाहक रात्री गावातच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन तालुक्याला निघतात. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा घरचा सण बाजूला ठेवावा लागतो. ही नोकरी स्वीकारणाऱ्याने, आणि त्याच्या घरच्यांनीही, हे आधी जाणून घेतले पाहिजे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. आंब्याच्या हंगामात हापूसच्या पेट्या घेऊन रातोरात वाशीचा बाजार गाठणाऱ्या खासगी चालकाला मात्र अशी काही मर्यादा असते हेच ठाऊक नसते. या बाबतीत शाळा-महाविद्यालयांनी मुलांना हक्कही शिकवले पाहिजेत.

लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे या जिल्ह्यात आणखी एक वाट खुली आहे. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरच्या चालकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता येणे हीही अट आहे. टँकरवरची धोक्याची सूचना आणि सोबतची कागदपत्रे वाचता येणे म्हणजे स्वतःचा आणि रस्त्याकडेच्या गावाचा जीव वाचवणे होय. दहावीनंतर पुस्तक मिटलेल्या मुलाला ही संधी सहज मिळत नाही.

रेल्वेची गोष्ट वेगळी. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले आणि 1998 मध्ये रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण सुरू झाला. त्याच्या दोन विभागांपैकी एकाचे मुख्यालय रत्नागिरीत आहे. सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवल पूल याच जिल्ह्यात आहेत. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि अनेकांचे प्राण गेले. आजही पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवून वेगळे वेळापत्रक लावले जाते, आणि रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन रूळ तपासणारा पेट्रोलमन हजारो प्रवाशांची झोप सुरक्षित ठेवतो. ट्रॅकमनच्या या कामाला दहावी किंवा आयटीआय पुरते. पण शरीर काटक हवे आणि पावसात, काळोखात एकट्याने चालण्याची तयारी हवी. रेल्वेतले हे सर्वांत कमी कौतुक झालेले आणि सर्वांत जबाबदारीचे काम आहे.

इंजिनात बसायचे असेल तर सहायक लोको पायलट ही पहिली पायरी. दहावीनंतर ठरावीक ट्रेडमध्ये आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका लागते. लेखी परीक्षेनंतर कल चाचणी आणि मग वैद्यकीय तपासणी होते. दृष्टी चष्म्याशिवाय पूर्ण हवी, रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवारही अपात्र ठरतो. म्हणूनच दहावीच्या वर्षीच प्रत्येक इच्छुक मुलाची दृष्टी आणि रंगओळख तपासून घ्यावी. तीन-चार वर्षे अभ्यास करून शेवटच्या दिवशी डोळ्यांपायी घरी परतणे हे दुःख टाळता येण्याजोगे आहे.

ट्रेड निवडतानाही बदललेला काळ लक्षात घ्यावा. 2022 मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण होऊन जूनमध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच महिन्यात पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावू लागली. डिझेल मेकॅनिकचे काम लगेच संपणार नाही. पण इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे वळणाऱ्या मुलामुलींना दोन्हीकडे दारे उघडी राहतात. कार्यशाळेतल्या या नोकऱ्यांकडे मुलींनी पाठ फिरवण्याचे काही कारण नाही.

समुद्रावरची नोकरी हा कोकणाचा जुना वारसा आहे. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत आजोबा खलाशी होते. आता मात्र नुसते पोहता येऊन किंवा ओळखीने जहाजावर चढता येत नाही. खलाशी होण्यासाठीच्या जनरल पर्पज रेटिंग या सहा महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमाला दहावीत विज्ञान, गणित आणि इंग्रजीसह किमान 40 टक्के गुण लागतात. वय साडेसतरा ते पंचवीस. अधिकारी व्हायचे तर बारावीत भौतिक, रसायन व गणित या विषयांत 60 टक्के आणि भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार हे प्राथमिक प्रशिक्षण आणि सीडीसी म्हणजे खलाशाचे अधिकृत पुस्तक हाती आल्यावरच जहाजाची वाट मोकळी होते. इथेही डोळ्यांची तपासणी कडक असते. जयगडच्या बंदरात आणि दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर थोडे काम मिळते. नोकऱ्यांची खरी संख्या परदेशी जाणाऱ्या जहाजांवर आहे.

याच क्षेत्रात फसवणूकही सर्वांत जास्त होते. नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणारा दलाल गावोगाव भेटतो. त्यासाठी जमीन किंवा आईचे दागिने गहाण पडतात. नियम स्वच्छ आहे: जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असला पाहिजे, आणि नोकरी देण्यासाठी तिला खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. परवानाधारक संस्था आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्यापूर्वी ती पाहणे आणि शंका आल्यास तिथेच तक्रार करणे, हे प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना करून दाखवावे.