देणगी आणि तिच्या अटी
(कल्याण येथे हितचिंतकांच्या सभेत केलेलं भाषण)



आपल्या हातात एक पानाचा मसुदा दिलेला आहे. पाड्यांवरच्या मुलांसाठी जो निधी जमतो त्यातून मदत कोणाला द्यायची, किती दिवस द्यायची आणि कोणत्या अटींवर, याचे नियम त्यात आहेत. हे नियम आज मंजूर व्हायचे आहेत. हिशेब पाहणाऱ्या माणसानं त्यावर चार शब्द बोलावेत असं सेक्रेटरींनी सांगितलं. हिशेबाची माणसं फार गोड बोलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

अटी घालणं वाईट, असं मी म्हणणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमली आहे. पौल ती एकट्यानं घेऊन जात नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू बरोबर घेतो, कारण एवढ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये, देवापुढेही आणि माणसांपुढेही, अशी त्याची काळजी आहे. आपण दरवर्षी ऑडिट करतो, त्याचं मूळ तिथं आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. पौलाची ही अट पैसा नेणाऱ्यांवर आहे. यरुशलेमेतल्या विधवेनं कोणता दाखला आणावा, याबद्दल तो काही बोलत नाही.

आता आपल्याकडचं पाहू. काही अटी कायद्याच्या असतात, त्यांत आपल्याला हात घालता येत नाही. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तेव्हा न्यासपत्रात लिहिलेल्या हेतूबाहेर एक रुपया खर्च करता येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर देणगीदाराला ८०जी म्हणून आपण ओळखतो ती करसवलत मिळत नाही, म्हणून खजिनदार चेक मागतात. त्यांच्यावर रागावू नका.

याच ८०जीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या लोकांना नीट ठाऊक नसते. ही सवलत घेणारी संस्था एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी चालवता येत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी काम असेल तर मात्र चालतं. आपण बसतो ते या दुसऱ्या खुर्चीवर. तेव्हा कोणी प्रेमानं म्हणालं की माझे पैसे फक्त ख्रिस्ती मुलांना द्या, तर तसं लिहून घेता येत नाही. मला विचाराल तर कायदा नसता तरी ते लिहून घेऊ नये. भाकरी वाढताना बाप्तिस्मा विचारायचा नसतो.

परदेशातून येणाऱ्या पैशाचा कायदा २०१० सालचा, आणि २०२० साली तो आणखी कडक झाला. आता ही रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच यावी लागते. प्रशासनावर २० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा. सर्वांत मोठा घाव मात्र तिसऱ्या बदलाचा. अशी रक्कम मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. पूर्वी शहरातली मोठी संस्था पैसे आणायची आणि पाड्यावर काम करणाऱ्या नोंदणीकृत छोट्या मंडळाला त्यातून देत असे. ती वाट बंद झाली. ज्या छोट्या मंडळांना इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आता तुमचाआमचा इथला पैसाच उरतो.

कंपन्यांचा पैसा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. पण त्याच कलमात, आपला कारखाना जिथं आहे त्या परिसराला आधी पसंती द्या, असंही लिहिलं आहे. डोंबिवली एमआयडीसीतली कंपनी आधी डोंबिवलीकडे पाहणार. शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर कारखाने नाहीत, म्हणून तिथं हा पैसा हळू पोचतो. शिवाय कंपनीबाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्यानं काम सुरू करणाऱ्यानं ही तीन वर्षं कोणाच्या पैशावर काढायची, ते कोणी सांगत नाही.

याशिवाय काही अटी देणाऱ्याच्या मनातून येतात, आणि त्या समजून घ्याव्या लागतात. दोराबजी टाटा यांनी १९३२ साली दोन ट्रस्ट केले. एक, आपली बरीचशी मालमत्ता देऊन केलेला, हेतू फार व्यापक. दुसरा पत्नी मेहेरबाईंच्या आठवणीसाठी, मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाचा, कारण त्या आदल्याच वर्षी त्या आजारानं गेल्या होत्या. अरुंद अट दुःखातून येते तेव्हा तिला नावं ठेवू नयेत. आईच्या नावानं दप्तरं वाटा असं कोणी म्हणालं तर दप्तरं वाटावीत. सगळा निधीच दप्तरांत जाऊ नये, एवढं कमिटीनं पाहावं.

आपल्या मंडळीला सर्वांत जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे देण्याचं तिनं ठरवलं. अट एवढीच की शाळेत कोणत्याही पंथाचा प्रचार करायचा नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपली प्रार्थना दार लावून करत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ही अट मोडली का? पुण्याच्या सल्लागारांना वाटलं, मोडली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी १८९३ साली अंग काढून घेतलं. बॉस्टनहून जुडिथ अँड्र्यूज चौकशीला आल्या. मदत मात्र थांबली नाही, ठरलेली मुदत पुरी झाली. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला जे मुक्तीचं काम उभं राहिलं, ते रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती पायावर उभं केलं.

लोक या गोष्टीत धर्मांतराचा वाद तेवढा पाहतात. मला हिशेबनीस म्हणून त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, अट मोघम होती आणि दोन्ही बाजूंनी ती आपापल्या परीनं वाचली. जी गोष्ट करायची नाही ती स्पष्ट लिहिली असती तर निम्मं भांडण टळलं असतं. दुसरी, दहा वर्षं. समुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांनी एका बाईवर दहा वर्षांचा भरवसा टाकला. सल्लागार निघून गेल्यावरही शाळा उभी राहिली ती या मुदतीमुळे. आणि आपल्या मसुद्यात चौथं कलम काय म्हणतं? मदत एका वर्षापुरती.

एक वर्ष म्हणजे पाड्यावर काय, ते सांगतो. कातकरी कुटुंबाकडे जमीन बहुधा नसते. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची पुष्कळ कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पाऊस पडायच्या आधी परततात. पोरं बरोबर जातात. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. अर्ज, छाननी, मीटिंग होऊन पहिला हप्ता निघेपर्यंत पाऊस अर्धा सरतो. दिवाळीनंतर मूल भट्टीवर. फेब्रुवारीत आपण अहवाल मागतो तेव्हा शाळेच्या हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजर, गैरहजर. मग पाचव्या कलमातली ७५ टक्के हजेरीची अट लागते आणि मदत बंद. जे मूल गावात राहतं, ज्याच्या घरी दोन बैल आणि थोडी भातशेती आहे, ते पास होतं. ते मूलही गरीबच आहे, पण निधी ज्याच्यासाठी जमवला ते मूल भट्टीवर विटा उलटवत असतं.

याला उपाय आहे. हंगामात पोरं मागं, आजीपाशी ठेवायची. पण आजीचंच पोट हातावर. तिथं दोन वेळचं रांधणारी एक बाई आणि संध्याकाळी अभ्यास घेणारी एक मुलगी लागते, नोव्हेंबर ते मे. म्हणजे पगार. आणि सहावं कलम म्हणतं, पगारावर निधी खर्च करू नये! आपल्या लोकांना वही दिसते, वही देणारा हात दिसत नाही. कंपन्यांच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेचं कारण पुष्कळ जण पुढे करतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कचेरीतल्या खर्चाला आहे, प्रकल्पावर प्रत्यक्ष होणाऱ्या खर्चाला नाही. परदेशी निधीच्या नियमांतसुद्धा दवाखान्यातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासनखर्चात धरत नाहीत. सरकारनं जी सूट दिली ती आपण का काढून घ्यावी?

तिसरं कलम जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याच्या नावावर ना सातबारा ना शाळेचा दाखला, त्यानं तो आणावा कुठून? सरकारी सवलतीसाठी तो लागतो, तो मिळवून द्यायला आपण मदत करावी, त्यासाठी पैसेही खर्च करावेत. पण आपली शिदोरी द्यायला तो दाखला कशाला? गावचा शिक्षक, अंगणवाडीताई आणि आपला कार्यकर्ता, तिघांची सही पुरे.

लेवीयच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या मालकाला सांगितलं आहे की कडेकोपऱ्यातलं पीक कापू नये, पडलेली कणसं वेचू नयेत, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्यावीत. रूथ मवाबी होती. बवाजाच्या शेतात तिनं वेचायला सुरुवात केली तेव्हा तिनं कुठला कागद दाखवला?

तेव्हा माझ्या दुरुस्त्या अशा. तिसऱ्या कलमात दाखल्याऐवजी तिघांची सही. चौथ्यात एका वर्षाऐवजी तीन वर्षं. दहा म्हणायची माझी हिंमत नाही. पाचव्यातली हजेरीची अट मुलावरून काढून आपल्यावर घालावी: कमिटीतल्या दोघांनी हंगामात दोनदा भट्टीवर जाऊन मुलं पाहून यावीत. सहाव्यात स्वयंपाकीण आणि शिक्षिकेचं मानधन चालेल, असं स्पष्ट लिहावं. ऑडिट, पावत्या आणि दोन सह्यांचा चेक यांना हात लावू नये. उलट दर तिमाहीचा हिशेब याच अंकात छापावा.

सातव्या कलमावर, म्हणजे मदत घेतानाच्या मुलाच्या फोटोवर, भगिनी मंडळाला काही सांगायचं आहे असं कळलं. त्यांना आधी बोलू द्यावं, मग मतदान घ्यावं.