पत्र्याच्या शेडचं भाडं



गेल्या महिन्यात गटाची बैठक संपली, वही मिटली, सतरंजी झटकून ठेवली, तरी एक सदस्य मागं रेंगाळली. चपला घालता घालता म्हणाली, "ताई, एक विचारू का? नेवासा फाट्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं आता साडेतीन हजार झालंय. आमचे हे म्हणतात, रानात पत्र्याचं शेड मारू, दोन-तीन वर्षं काढू, भाडं वाचेल, त्यातून घर बांधू. जाऊ का?"

मी तिला उभ्या उभ्या उत्तर दिलं नाही. मी स्वतः नऊ वर्षं पत्र्यात काढलीत, त्यामुळं ते उत्तर दोन वाक्यांत बसत नाही. तिला म्हटलं, रेडिओवर बोलते, तिकडं ऐक. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या तालुक्यात कुठल्याही रस्त्यानं जा, उसाच्या कडेला अशी शेडं दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच घरांनी 'दोनच वर्षं' असं म्हणून मुक्काम टाकलेला असतो.

आमचंही तसंच झालं. २०१३ साल. मुलगी तीन वर्षांची. फाट्यावर आम्ही अडीच हजार भाडं देत होतो. ह्यांनी हिशोब मांडला: दहा बाय पंधराचं शेड, अँगल, पत्रे, मजुरी धरून अडतीस हजार. म्हणजे सव्वा वर्षात शेड फिटलं, पुढचं सगळं शिल्लक. तीन वर्षांत बावन्न हजार हातात. कागदावर हिशोब बरोबर होता. मी बी.ए. झालेली, मलाही त्यात चूक दिसली नाही.

तीन वर्षांनी पासबुक भरून आणलं तर शिल्लक अकरा हजार चारशे.

त्या दिवशी आम्ही दोघं भांडलो. तुम्ही उधळले, तू उधळलेस. खरं तर कुणीच उधळले नव्हते. रात्री मी मुलीची जुनी वही घेतली आणि आठवेल तसं लिहीत गेले. शाळा लांब पडली म्हणून रोज दोन फेऱ्यांचं पेट्रोल. चैत्रात पत्रा एवढा तापायचा की दुपारी आत बसवत नव्हतं, म्हणून कूलर, आणि कूलरचं बिल. एका वर्षी वळवाच्या वाऱ्यानं चार पत्रे उडवून शेजारच्या उसात नेले, त्याचे सहा हजार. आणि माझा दवाखाना. तो का लागला ते सांगते, कारण पुरुषांच्या हिशोबात हे कधीच येत नाही. शेड मारताना शौचालय 'नंतर बघू' म्हणून राहिलं होतं. दिवसा उसाच्या रानात जायची लाज आणि रात्री सापा-किरड्याचं भ्या. मग मी पाणीच कमी प्यायला लागले. लघवीची जळजळ, ताप, पुन्हा तेच. डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता? मला उत्तर देता येईना.

हे सगळं बेरजेला धरलं तरी काही रक्कम सापडेना. ती कुठं गेली ते पुढं कळलं. भाडं होतं तेव्हा घरमालक पाच तारखेला दारात यायचा. काहीही करून अडीच हजार बाजूला पडायचे. शेडमध्ये आलो आणि मागणारा माणूसच गेला. पैसे वाचत होते, पण ते वाचलेत हे कुणाच्या लक्षात यायच्या आधी किराण्यात, लग्नाच्या आहेरात, खताच्या गोणीत जिरून जायचे.

भाडं नको म्हणून असं राहणारे आपणच आहोत असं नाही. अमेरिकेतसुद्धा घरभाडं झेपत नाही म्हणून कितीतरी माणसं मोठ्या गाडीतल्या घरात राहतात. आत पलंग, शेगडी, न्हाणी सगळं. गाडी एका जागेवर उभी करायची, त्या जागेचं भाडं द्यायचं, वीज-पाणी जोडून घ्यायचं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहायचं. आपल्याला याचं नवल वाटायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्या सोनईला आणि भेंड्याला कारखान्यावर बैलगाड्या येतात, त्याही संसार भरूनच. बीडकडचे, पाथर्डीचे लोक. गाडी सोडायची, बैल बांधायचे, बांबूच्या कांब्या वाकवून त्यावर चटई आणि कागद टाकला की कोपी उभी. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने तेच घर.

कोपीला भाडं नाही. पण पहाटे तीनला उठून, चूल पेटवून, भाकरी बांधून फडात जाणारी बाई आंघोळ कुठं करते? उजाडायच्या आत, लुगड्याच्या आडोशाला. पाळीच्या दिवसांतही तसंच, कारण कामावर गेलं नाही की खाडा पडतो. ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण एवढं वाढलं की २०१९ साली सरकारला नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्याला कारणं बरीच आहेत, उचल आहे, मुकादम आहे, डॉक्टरही आहेत. पण पाणी नाही, आडोसा नाही, हेही त्यात आहे. फुकटच्या घराचं भाडं कुणाच्या अंगातून वसूल होतं ते तिथं दिसतं. माझं शेड म्हणजे कोपी नव्हती, मी तशी तुलना करत नाही. पण भाडं वसूल करायची रीत तीच होती.

आता त्या सदस्याला माझं उत्तर. जा. मी नको म्हणणार नाही. साडेतीन हजार ही लहान रक्कम नाही, वर्षाचे बेचाळीस हजार होतात. पण पत्रे आणायच्या आधी शौचालयाचा खड्डा घे. स्वच्छ भारतमधून पात्र कुटुंबाला बारा हजार मिळतात, आपलं नाव बसतं का ते ग्रामपंचायतीत विचार. नाही बसलं तर पदरचे घाल. कूलर नंतर आण, दाराला रंग नंतर दे.

दुसरं, शेड कुणाच्या जमिनीवर मारताय? गटाचं म्हणत नाही मी, सातबाऱ्यावरचा गट नंबर म्हणते. सासऱ्यांच्या नावावरची जमीन, वाटप झालेलं नाही, आणि शेड उभं आहे दिराच्या वाट्याला जाईल त्या तुकड्यात. असं आपल्याच एका बाईचं झालं. पत्रे खोलून नेता आले, पण बोअर आणि फरशी तिथंच राहिली. बोलणं आधी करा, चारचौघांसमोर करा.

आणि लाईट. याबद्दल मी जरा जास्तच बोलते, माझ्या घरचे हसतात मला. पत्र्याच्या घरात एक वायर सोलली की भिंत, दार, दाराला बांधलेली कपड्याची तार, सगळ्यात करंट उतरतो. ओले कपडे वाळत घालायला कोण जातं? आपणच. तेव्हा आकडा टाकून किंवा शेजारून वायर ओढून दिवस काढू नका. नीट अर्थिंग करा, ईएलसीबी बसवा, आणि कपड्याची तार पत्र्याला बांधूच नका. दोन लाकडी खांब रोवा.

उन्हाचं म्हणाल तर पत्र्याची उंची वाढवा, वर वारा जायला फट ठेवा. आम्ही उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट टाकून वर जाळी बांधायचो, आत बराच फरक पडायचा. पण चूल मग लांब, पाचटाला ठिणगी पुरते. पश्चिमेला शेवगा लावा, लवकर वाढतो. खांब मात्र काँक्रीटमध्येच रोवायचे. वळवाला आपल्या 'दोनच वर्षं'शी देणंघेणं नसतं.

राहिला पैशाचा मुद्दा. पासबुकाच्या त्या भांडणानंतर मी गटात सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. तेव्हा आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "मग आता आम्ही घरमालक. पाच तारखेला आम्हाला भाडं दाखवायचं." मी पोस्टात आवर्ती ठेव उघडली, महिना दोन हजार, पाच वर्षांची. तिथं महिना शंभर रुपयांपासूनही खातं निघतं. दर बैठकीला मी पुस्तक दाखवायचे. दोनदा हप्ता चुकला, तेव्हा दोघीतिघींनी अशी काही तोंडं केली की पुढच्या महिन्यात मी दोन्ही भरले. पाच वर्षांनी एक लाख वीस हजार मुद्दल आणि वर व्याज. ऐंशी हजार गटातून कर्ज घेतलं. २०२२ ला दोन पक्क्या खोल्या झाल्या. तोवर मुलगी सातवीत गेली होती. तिचं सगळं लहानपण पत्र्याखाली गेलं, ते काही मला व्याजासकट परत मिळालं नाही.

घर झाल्यावर ग्रामपंचायतीत नमुना आठला दोघांची नावं लावून घेतली. ही सोय आपल्या राज्यात २००३ पासून आहे, 'घर दोघांचे' म्हणून. ह्यांनी काही खळखळ केली नाही, पण मी सांगितलं नसतं तर त्यांना आठवलंही नसतं. घरकुल मंजूर झालेल्यांनी तर हे नक्की बघावं. प्रधानमंत्री आवास योजनेचे सपाट भागातले एक लाख वीस हजार हप्त्याहप्त्यानं येतात, त्या काळात पुष्कळ कुटुंबं शेडमध्येच राहतात. हप्ता बँकेत कधी पडला हे बायकोला माहीत असायला हवं.

आमचे जुने पत्रे आता शेळ्यांच्या गोठ्यावर आहेत. शेळ्या घोडेगावच्या बाजारातून आणल्या, दोनाच्या पाच झाल्यात. दुपारी त्यासुद्धा पत्र्याखाली थांबत नाहीत, शेवग्याच्या सावलीला येतात.

ती सदस्य परवा भेटली. अँगल येऊन पडलेत म्हणाली. मी एवढंच विचारलं, खड्डा झाला का? म्हणाली, "उद्या जेसीबी येतोय." पाच तारखेला पासबुक घेऊन ये म्हटलं.