दानाची थोरवी आणि हक्काची जागा



मार्च २०१९ मध्ये विप्रो कंपनीचे प्रमुख अझीम प्रेमजी यांनी कंपनीच्या ३४ टक्के शेअरांचे आर्थिक लाभ आपल्या लोकसेवी कार्यासाठी कायमचे वर्ग केले. त्या वेळच्या बाजारभावाने त्यांची किंमत सुमारे ५२,७५० कोटी रुपये होती. आधीची दाने मिळवून एकूण रक्कम १ लाख ४५ हजार कोटींवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने, सवलती सोडण्यास तयार असलेल्या कंपन्यांसाठी, प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. या व तत्सम सवलतींमुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज अर्थमंत्र्यांनीच जाहीर केला. आकडे जुळले हा निव्वळ योगायोग होय. परंतु एका माणसाने जन्मभराच्या मिळकतीतून जे दिले, तेवढे सरकारने एका वर्षाच्या हिशेबात सोडून दिले, ही गोष्ट योगायोगाची नाही. ती धोरणाची आहे. पहिल्या बातमीचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. दुसरीचेही शेअरबाजाराने स्वागत केले. या दोन बातम्या एकत्र वाचण्याचे काम मात्र समाजवाद्यांनाच करावे लागेल.

प्रेमजींच्या कंपनीचा जन्म महाराष्ट्रातला आहे. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांचे वडील महंमद हाशम प्रेमजी यांनी खानदेशातील अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. खानदेशातला भुईमूग, त्याचे तेल, त्या तेलाचे वनस्पती तूप, असा तो साधा धंदा होता. अमळनेरला दातृत्वाची परंपरा आधीपासूनच होती. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. हेच गुरुजी पुढे खानदेशातील शेतकरी-कामगारांच्या लढ्यांत उतरले. शेठजींच्या देणगीवर चालणाऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाने गिरणी कामगारांची बाजू घ्यावी, यात विसंगती नाही. देणगीबद्दल आदर आणि श्रमाच्या हक्काचा आग्रह या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, एवढेच त्यावरून दिसते. आजच्या विषयाकडेही त्याच वृत्तीने पाहिले पाहिजे.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये वडील वारले, तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि तेला-तुपाच्या कारखान्याचा कारभार पाहू लागले. राहिलेली पदवी त्यांनी तीन दशके उलटल्यानंतर पूर्ण केली. त्यांची चिकाटी, शिस्त, साधी राहणी आणि व्यवहारातील सचोटीचा लौकिक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेलाच्या कारखान्यातून संगणकाचा उद्योग कसा निघाला, या प्रश्नाचे उत्तर केवळ गुणवर्णनाने मिळत नाही.

ते उत्तर राज्यसंस्थेच्या धोरणात आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भारतातील भागभांडवलावर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत माघार घेतली नाही. मालकी कमी करण्यापेक्षा देश सोडणे आयबीएमने पसंत केले आणि १९७८ मध्ये ती कंपनी येथून गेली. फर्नांडिसांची तेव्हा पुष्कळ टिंगल झाली, आजही होते. परंतु आयबीएम गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेतच देशी संगणक उद्योग वाढला, आणि प्रेमजींची विप्रो त्यांपैकी एक. आयबीएमच्या जुन्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने सांभाळली. ती कंपनी २००१ मध्ये सरकारने टाटा समूहाला विकली. विप्रोने बंगलोर निवडले तेही सहज नव्हे. भारतीय विज्ञान संस्था, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, अंतराळ संशोधन संस्था यांनी त्या शहरात सार्वजनिक पैशातून अभियंत्यांची एक पिढी घडवून ठेवली होती.

पुढे सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली, तेव्हाही सरकारी हात पाठीशी होता. १९९१ पासून सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने उभी राहिली आणि त्यांतील निर्यातीच्या नफ्यावर दीर्घकाळ प्राप्तिकराची सूट मिळाली. ही सूट २०११ मध्ये संपली. कर्नाटकाने या उद्योगाला स्थायी आदेश कायद्यातून वर्षानुवर्षे सवलत दिली, म्हणजे इतर कारखान्यांतील कामगाराला सेवाशर्तींचे जे कायदेशीर संरक्षण मिळते ते येथे लागू झाले नाही. सरकारी तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये, अल्प फी, सोडलेला कर आणि शिथिल केलेला कामगार कायदा ही समाजाची गुंतवणूक होती. तिचे भागपत्र कोणी छापले नाही, म्हणून तिच्यावर लाभांशही कोणी मागितला नाही. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी विप्रोचे शेअर जपून ठेवले, त्यांपैकी कित्येक कोट्यधीश झाली, ही कथा वृत्तपत्रांना फार आवडते. ज्या शेतकऱ्यांच्या भुईमुगावर तो कारखाना चालला आणि ज्या मजुरांनी तो चालवला, त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या कथेत येत नाही.

आता दानाकडे वळू. प्रेमजींच्या मातोश्री डॉ. गुलबानू प्रेमजी यांनी मुंबईत हाजी अलीजवळील अपंग मुलांच्या रुग्णालयासाठी अनेक दशके काम केले. त्या उदाहरणाचा आणि गांधीजींच्या विश्वस्तकल्पनेचा आपल्यावर प्रभाव आहे, असे प्रेमजींनी सांगितले आहे. २००१ च्या सुमारास अझीम प्रेमजी फाउंडेशन कार्यान्वित झाले. २०१० मध्ये सुमारे ८,८४६ कोटी रुपयांचे शेअर त्यांनी दिले. त्याच वर्षी कर्नाटकाच्या कायद्यान्वये त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. अर्धी संपत्ती देऊन टाकण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर सही करणारे ते पहिले भारतीय ठरले. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, संस्था व कंपन्या मिळून १,१२५ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली.

या दानाचा एक विशेष आवर्जून सांगितला पाहिजे. श्रीमंत माणूस शिक्षणाला पैसा देतो तेव्हा बहुधा त्याला स्वतःच्या नावाची देखणी शाळा हवी असते, आणि ती सरकारी शाळेतील हुशार मुले उचलून नेते. या संस्थेचा मुख्य भर मात्र यादगीरसारख्या मागास जिल्ह्यांत सरकारी शाळेच्या शिक्षकाबरोबर काम करण्यावर राहिला. सार्वजनिक शाळा मोडकळीला आली आहे, म्हणून ती सोडून द्यावी, असे न म्हणता ती सुधारली पाहिजे, ही भूमिका समाजवाद्यांना जवळची वाटावी अशीच आहे. भारतीय भांडवलदारवर्गात हे उदाहरण विरळा आहे. बाकीचे धनिक, कंपनी कायद्याने २०१३ मध्ये घातलेली दोन टक्क्यांची सक्ती कशीबशी पुरी करण्यातच धन्यता मानतात.

परंतु गांधीजींचे नाव घेतले, तर गांधीजींची कल्पना पुरतेपणी घ्यावी लागेल. विश्वस्तवृत्तीचा जो मसुदा प्रा. दांतवाला यांच्या मदतीने तयार झाला आणि गांधीजींनी दुरुस्त केला, त्यात ही केवळ धनिकांच्या सद्भावनेवर सोडलेली गोष्ट नव्हती. समाज आपल्या हितासाठी जेवढी मान्यता देईल, तेवढीच खासगी मालकी, असे त्यात म्हटले होते. संपत्तीच्या मालकीचे व वापराचे नियमन कायद्याने करण्याची वाटही मोकळी ठेवली होती. प्रेमजींनी शेअरांचा लाभ दिला. कंपनीचे नियंत्रण प्रवर्तक कुटुंबाकडेच राहिले आणि २०१९ मध्ये अध्यक्षपद मुलाकडे गेले. विश्वस्त स्वतःच स्वतःची नेमणूक करतो आणि स्वतःच वारस ठरवतो, तोवर त्या वृत्तीला नैतिक मोल आहे, परंतु सामाजिक व्यवस्थेचे रूप आलेले नाही.

यात वैयक्तिक दोष शोधण्याचे कारण नाही. दोष रचनेचा आहे. परदेशी बाजारात सॉफ्टवेअर सेवांची मागणी घटली तर यादगीरच्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाला लागणारा पैसा आकसू शकतो. कोणत्या जिल्ह्यात काम करायचे, कोणत्या राज्याशी करार करायचा, हे ठरवणाऱ्या विश्वस्त मंडळाला पालक मत देऊन बदलू शकत नाहीत. आमदाराला निदान पाच वर्षांनी तोंड दाखवावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शाळेतले अंडे. शाळेत शिजवलेले जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरला. अंडे मात्र हक्कात बसले नाही. कर्नाटकात सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडे देत होते. २०२४ मध्ये फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देण्याचा करार केला आणि अंडे सहा दिवस मिळू लागले. गरिबाच्या मुलाला त्यातून जे पोषण मिळते, ते खरे आहे. त्याची हेटाळणी करणारा समाजवादी नव्हे. तथापि करार तीन वर्षांचा आहे आणि भूक दरवर्षी नव्या मुलांना घेऊन पहिलीच्या वर्गात येते. आता महाराष्ट्राकडे पाहा. येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्यास सुरुवात झाली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी बंद केला आणि ज्या शाळांना अंडे द्यायचे असेल त्यांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सांगितले. कर्नाटकाला दाता भेटला, महाराष्ट्राला भेटला नाही. मुलाच्या ताटात काय पडेल, हे त्याच्या राज्याला दाता लाभतो की नाही यावर ठरू लागले.

दातृत्व वाढत असताना राज्यसंस्थेने काय केले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपवला. २०१९ मध्ये कंपनीकर उतरला. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस मात्र आजही अपुरीच आहे. जे करातून यायला हवे ते येऊ द्यायचे नाही, आणि मग ते दानातून आले की आभाराचा ठराव करायचा, अशी ही रीत आहे.

अझीम प्रेमजींचा खरा सन्मान करायचा असेल, तर त्यांनी स्वेच्छेने जे केले त्याचा काही भाग तरी सर्व धनिकांवर कायद्याने बंधनकारक करावा लागेल. मोठ्या वारसांवर आणि मोठ्या संपत्तीवर कर पुन्हा बसवावा, त्याचे उत्पन्न शाळा व पोषण यांसाठी राखून ठेवावे आणि शाळेतील अंड्याचा अन्नसुरक्षा कायद्यात समावेश करावा, या मागण्या समाजवादी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांपर्यंत नेल्या पाहिजेत. महाराष्ट्रात तर अंड्याचा निधी पुन्हा सुरू करा, या एका मागणीपासून आरंभ करता येईल. त्यासाठी कोणा दात्याची वाट पाहण्याची गरज नाही.