सरासरीत नफा, घरात तोटा
(हर्णे येथील बैठकीतील भाषण)



हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव तुम्ही रोज पाहता. तिथे सरासरी भाव कुणी पुकारत नाही. पुढ्यात जो माल असेल त्याची बोली होते. कागदावर मात्र आपला हिशेब सरासरीने मांडतात, आणि तिथेच आपण फसतो.

समजा, पाच बागायतदारांनी आंब्याची एकेक पेटी विकली. भाव मिळाले १५००, १६००, १७००, १८०० आणि ४४०० रुपये. सरासरी निघाली २२००. पेटीचा खर्च धरा १९००. कागद म्हणतो, पेटीमागे ३०० रुपये नफा! प्रत्यक्षात पाचांपैकी चौघे तोट्यात आहेत.

भाव चढत्या क्रमाने लावा. मधला आकडा १७००. याला मध्यक म्हणतात. सरासरी मध्यकाच्या वर गेली की समजावे, थोड्यांच्या मोठ्या आकड्यांनी ती ओढून नेली आहे. या कलाला संख्याशास्त्रात विषमता म्हणतात. कार्ल पिअर्सन याने ती मोजण्याची सोपी रीत दिली: सरासरीतून मध्यक वजा करा, तिनाने गुणा आणि प्रमाण विचलनाने भागा. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचे माप. इथे ते सुमारे ११०५ आहे. म्हणजे १५०० भागिले ११०५, उत्तर १.३६. शून्य आले असते तर दोन्ही बाजू सारख्या. उत्तर जितके मोठे, तितकी सरासरी फसवी.

आता खरा आकडा घ्या. २०१९ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज निघाले. पण कर्जदार कुटुंबे होती ५०.२ टक्के. सगळी कुटुंबे कर्जाच्या क्रमाने उभी केली, तर ओळीच्या मध्यावर कर्ज जेमतेम सुरू होते. निम्म्यांवर काहीच नाही. उरलेल्या निम्म्यांवर सरासरी सुमारे १ लाख ४८ हजार. कर्ज नाही ते सगळे सुखी, असेही नाही. कित्येकांना कुणी कर्ज दिलेच नसेल. ७४ हजारांचा तो आकडा ना यांचा, ना त्यांचा. त्यावर आखलेली योजना कुणाच्या अंगाला बसणार?

म्हणून यापुढे कुणी सरासरी सांगितली, की दोनच प्रश्न विचारा. मधला आकडा किती? आणि सरासरीच्या खाली किती घरे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.