हातांनी घडवलेली गाडी



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना प्रथम वंदन करतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने गाडीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. काल संध्याकाळी शाळेच्या मागील पडवीत मुलांनी मांडलेला एक लोखंडी सांगाडा मी पाहिला. चार लहान चाके, जमिनीलगत बैठक आणि तिच्यामागे भंगारातून आणलेले मोटारसायकलचे इंजिन. मी विचारले तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ही गो-कार्ट आहे. सरळ पळते, पण वळत नाही." त्या वाक्याने मला रात्रभर झोपू दिले नाही.

'कार्ट' म्हणजे आपली साधी गाडीच. 1956 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली गो-कार्ट तयार केली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन आपला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 साली तेलंगणात आला. राज्यांच्या सीमा बदलल्या. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कापूस वाहणारी बैलगाडी मात्र एकच राहिली. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या बैलगाडीतच सापडले.

बैलगाडीची आस स्थिर असते आणि दोन्ही चाके तिच्यावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर तोडते, आतले कमी. कोणी कोणाला अडवीत नाही. गो-कार्टमध्ये मागची दोन्ही चाके आसेला घट्ट जखडलेली असतात आणि आसच फिरते. त्यामुळे दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात आणि गाडी वळणावर अडून बसते. म्हणून पुढची चाके ज्या उभ्या खिळ्यांवर वळतात, ते खिळे किंचित मागे कललेले ठेवतात. मग चक्र फिरवताच आतील मागच्या चाकावरचा भार हलका होतो, क्वचित ते उचललेही जाते, आणि गाडी वळते. सांगाडा थोडा लवचीक असावा लागतो, तोही याचसाठी.

मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते. ते बैठकीमागे दडवले की वारा अडतो आणि इंजिन तापते. इंजिनाकडील दातेरी चाकाला 14 दात आणि आसेवरच्या चाकाला 42 दात असतील, तर तीन फेऱ्यांना एक फेरा मिळतो. वेग घटतो, ओढ वाढते. हे गणित आपल्या वर्गात शिकवले जाते, पण पडवीत ते मुलांना स्वतःचे वाटते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून मुलाच्या हौसेसाठी एक चारचाकी घडवली. ती दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होई. साधारण साठ हजार रुपये खर्च आला. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली; जानेवारी 2022 मध्ये ती लोहार यांच्या दारी आली. ती गाडी वाहतुकीच्या नियमांत बसत नाही, हेही महिंद्र यांनी तेव्हाच सांगितले होते. कौतुक आणि नियम ही दोन्ही सत्ये एकत्र सांगता येतात, हे मला त्यात मोलाचे वाटते.

आता एक कबुली. अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने 'माझा आवडता छंद' या निबंधात गॅरेजमध्ये गाडी जुळवल्याची हकीकत लिहिली होती. चेन, क्लच, सायलेन्सर या शब्दांखाली मी लाल रेघा ओढल्या आणि 'विषय साहित्यास अनुरूप नाही' असा शेरा मारला. त्या मुलाने पुन्हा कधी आपल्या हातांविषयी लिहिले नाही. वास्तविक आस, आरे, धाव, वंगण हे शब्द आम्हांला सुतार-लोहारांनीच दिले. चाकाहून किंचित लहान केलेली लोखंडी धाव तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, ही क्रिया मी बालपणी पाहिली होती. तरीही माझ्या वर्गात ती विद्या ठरली नाही. दोष त्या मुलाच्या भाषेत नव्हता, माझ्या कानात होता. भाषा कोशात जपली जाते, पण जन्मते ती काम करणाऱ्या हातांपाशी.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, माझ्या तीन विनंत्या आहेत. आधी ब्रेक बसवा, मग इंजिन सुरू करा. गाडी शाळेच्या मैदानातच, शिरस्त्राण घालून आणि शिक्षकांच्या देखत चालवा. रस्त्यावर नेऊ नका. आणि काय चुकले, काय दुरुस्त केले, ते रोज वहीत मराठीत लिहा. घरी तुम्ही तेलुगू, गोंडी, उर्दू बोलत असाल, तर त्या भाषांतले शब्दही त्यात येऊ द्या. ती वही मला वाचायला द्यावी. या वेळी माझ्या हाती लाल शाई नसेल.