बैलाच्या शिंगाचा कर्करोग : वेळीच ओळखा, वेळीच शस्त्रक्रिया करून घ्या

(मावळ तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक. भाताची लावणी आणि खताची मात्रा हा माझा विषय. जनावराच्या शस्त्रक्रियेवर मी बोलायला उभा राहिलो याचे आपणांस नवल वाटेल. पण नाणे मावळातल्या लहान खाचरांत आजही कित्येक ठिकाणी चिखलणी बैलांवरच होते, आणि बैल बसला की इंद्रायणीची लावणी लांबते.

मी शाळेत असताना आमच्या घरचा बैल ऐन चिखलणीत मान एका अंगाला झुकवू लागला. शिंग कुठेतरी आपटले असेल म्हणून आम्ही हळद-तेल लावले, मग बुडाशी डाग दिला. एका नाकपुडीतून रक्ताळ, घाण वासाचा शेंबूड येई. ती आम्ही सर्दी समजलो. दिवाळीच्या सुमारास शिंग गळून पडले. आत फुलकोबीसारखे मांस वाढलेले होते. पशुवैद्यांनी पाहिले तेव्हा रोग कपाळाच्या पोकळीत उतरला होता. बैल वाचला नाही.

शिंग आतून पोकळ असते आणि ही पोकळी कपाळातून नाकापर्यंत जोडलेली असते. म्हणून शिंगातला रोग नाकातून दिसतो. साधारण ५ ते १० वर्षे वयाच्या, खच्ची केलेल्या, लांब शिंगांच्या देशी बैलांत तो जास्त आढळतो, म्हशीत क्वचित. नेमके कारण एकच असे सांगता येत नाही. शिंगाला करकचून बांधलेला दोर, वरचेवर शिंगे साळणे, रंग लावणे, कडक ऊन यांचा संबंध असावा असे मानतात. पोळ्याला शिंगे रंगवू नका असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही! पण साळताना रक्त येईपर्यंत खोल जाऊ नका.

बैल सारखे डोके झटकतो, शिंग झाडाला घासतो, बुडाशी हात लावू देत नाही. तेथे गरम व मऊ लागते. दोन्ही शिंगांवर बोटाने ठोकून पाहा. रोगी शिंगाचा आवाज भरीव येतो. पुढे शिंग कलते. कलण्याची वाट पाहू नका. खात्रीसाठी पशुवैद्य आतल्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवतात. पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे.

शस्त्रक्रियेचे भय बाळगू नका. बैलाला गुंगीचे औषध देतात, डोळा व शिंग यांच्यामधल्या नसेजवळ बधिरतेचे इंजेक्शन देतात. बुडाभोवती कातडी सोडवून तारेच्या करवतीने शिंग मुळापासून काढतात, रक्तवाहिन्या बंद करून कातडीने तोंड शिवतात. काही वेळा पुढे आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शने देतात. रोग शिंगातच असेल तर बैल पुन्हा जुवाखाली येऊ शकतो. पोकळीत उतरला असेल तर उलटण्याची भीती राहते.

आपल्याकडे खरी अडचण पावसाची. लोणावळ्याच्या बाजूला महिनोन्महिने जखम कोरडी राहणे कठीण. माश्या बसून अळ्या पडतात. म्हणून बैल कोरड्या गोठ्यात बांधा, पट्टी भिजली की बदलून घ्या. मात्र पाऊस संपू दे मग पाहू, असे म्हणून शस्त्रक्रिया लांबवू नका.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. शेळ्यामेंढ्यांत गिड नावाचा रोग आहे. त्यात मेंदूत पाण्याने भरलेली गाठ होते. जनावर कळपापासून वेगळे पडते, एकाच बाजूला गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते. कधी गाठीवरचे कवटीचे हाड अंगठ्याने दाबले तर मऊ लागते. तेथे लहान भोक पाडून पाणी ओढून घेतात व पिशवी अलगद बाहेर काढतात. हे काम अनुभवी शल्यचिकित्सकाचेच. शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन तेथे जाता येईल.

गिड येतो कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे. गिड झालेल्या जनावराचे मुंडके कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात कृमी वाढतात आणि अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात. असे मुंडके जाळा किंवा खोल पुरा. राखणीच्या कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलची गोळी ठरावीक अंतराने द्या. गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून दिली तर कुत्रा ती बिनतक्रार खातो.