छायाचित्रांमागील नगरी



आपण मंडळी त्या वेळच्या कलकत्त्यास आलो ती नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने. साध्या कॅमेऱ्याने आपण टिपले ते आपल्याच माणसांना. मुलाचा शाळेचा पहिला दिवस, गावाकडून आलेले पाहुणे, मंडळाचा गणेशोत्सव. या नगरीकडे मुद्दाम कॅमेरा वळविल्याचे स्मरत नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त ते जुने आल्बम चाळताना मात्र आम्ही थबकलो. मुलाच्या पाठीमागे ट्रामचा दांडा तारेला टेकलेला आहे. पाहुण्यांच्या बाजूस मातीच्या भांडांत चहा ओतला जात आहे. गणपती आणावयास गेलेल्या मंडळींमागे, कुमारटुलीच्या गल्लीत, गवताच्या सांगाड्यावर मातीचा पहिला थर चढतो आहे. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर धावू लागलेली ती ट्राम आज बहुतेक मार्गांवरून नाहीशी झाली आहे. तिची नोंद आपण नकळत ठेवली!

जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी येथले हेच नित्याचे रस्ते रंगीत छायाचित्रांत जाणीवपूर्वक टिपले. त्यांची दृष्टी आपल्यापाशी नसेल. परंतु त्याच रस्त्यांवरून रोज जाण्याचे भाग्य आपल्याला लाभले आहे.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्येच आहे. आमची विनंती एवढीच, की आपल्या माणसांचे छायाचित्र घेताना एक पाऊल मागे सरावे आणि चौकटीत या नगरीलाही जागा द्यावी. पन्नास वर्षे तिने आपल्याला जागा दिली आहे.